तिरकी ओळ

कंसातला एक. एवढंच दिसलं तिला. पडद्याच्या डाव्या कडेला उभ्या ओळीत ‘आउटबॉक्स’ हा शब्द आणि त्याला चिकटून कंसात एक ठळक, काळा एक. कासुबा खुर्चीवर टेकायला म्हणून वाकली होती, ती तशीच अर्धी वाकलेली राहिली. एक हात टेबलावर, दुसऱ्यात बाळाचं, म्विलाचं ओलं झबलं. झबल्यातलं पाणी कोपरापर्यंत ओघळलं तेव्हा कुठे ती बसली. म्हणजे मेल गेलाच नव्हता. सकाळी तिनं पाठवायचं बटण दाबलं होतं, दाबताना श्वास रोखला होता, सोडला होता, आणि मग दिवसभर ‘गेला एकदाचा’ या दोन शब्दांवर ती तरंगत होती. दुपटी धुतली. आईनं सोललेल्या शेंगांतले चार दाणे येताजाता तोंडात टाकले. शेजारणीनं कुंपणावरून बाळाची चौकशी केली तेव्हा ‘बरी आहे हो, लुसाकाला सगळं पाठवलंय आजच’ असं सांगून टाकलं, आणि सांगताना आपला आवाज किती वर्षांपूर्वीचा, वसतिगृहातल्या पोरीचा निघाला हेही तिच्या कानांनी टिपलं होतं. त्या सगळ्या वेळात मेल इथेच होता. ती हसत होती तेव्हाही इथेच. दाराआड उभं राहून कुणी आपलं बोलणं ऐकत होतं हे मागाहून कळावं तसं तिला झालं.

राजधानीतल्या, लुसाकाच्या हृदयाच्या डॉक्टर, सिटालीबाई, फोनवर थोडंच बोलल्या होत्या. थोडं आणि भरभर, पाठीमागे कुणीतरी दार धरून उभं असल्यासारखं. ‘फिल्म मला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाहिजेत. शनिवारी सकाळी परदेशातून आलेल्या सर्जनांबरोबर मी बसतेय. ज्या मुलांच्या फिल्म मी पाहिल्या असतील त्यांच्याबद्दलच बोलता येईल. नाहीतर मग ते परत येतील तेव्हा, म्हणजे पुढच्या वर्षी. आणि वजन नीट लिहा हां. पाच किलोच्या आतलं मूल या खेपेला घेत नाहीत.’ आज शुक्रवार होता. उन्हं कलली होती. सूर्य बुडाला की त्यांच्या बाजूची वीज जायची पाळी होती, आणि एकदा गेली की ती दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत येत नसे. फिल्म होत्या चकतीवर. चकती वाचायला हा जुना कॉम्प्युटरच हवा, ज्यावर ती कॉलेजच्या पोरांचे प्रबंध टाइप करून देई. इथून, कासामाहून लुसाकाला जाणारी बस गाठून कुणाच्या हाती चकती द्यावी तर बस दुपारीच सुटून गेलेली. पुढचं वर्ष. पुढच्या वर्षाचा विचार तिनं डॉक्टरीणबाईंचा फोन ठेवला तेव्हापासून एकदाही पुरा केला नव्हता. तो शब्द मनात आला की ती उठून काहीतरी पुसायला घेई.

“गेलं नाही,” ती म्हणाली.

“काय गेलं नाही?” आईनं मान वर केली नाही. खाली चटईवर पाय पसरून ती शेंगा सोलत होती आणि तिच्या पायांच्या बेचक्यात म्विला पालथी पडून लाकडी पळीचा दांडा चावत होती.

“पत्र. सकाळचं. इथंच आहे अजून.”

“मग घाल की.”

“घातलंय गं. घातलंय तरी जात नाही.”

“माझी बकरी असंच करायची. दावं सोडलं तरी जागची हलायची नाही. मागून एक दणका दिला की मग बरोब्बर चालायला लागायची.” आईनं टरफलं फुंकली. “दे एक दणका.”

कासुबाला हसू आलं नाही. तिनं दणके दिलेच, आपल्या परीनं. फोनमधलं इंटरनेट संपलं असेल म्हणून नवं भरलं. फोन टेबलावरून उचलून खिडकीच्या कठड्यावर ठेवला, मग तिथूनही उचलून खिडकीबाहेरच्या पत्र्यावर, जिथून टेकडीवरचा मनोरा सरळ दिसतो. कॉम्प्युटर बंद करावा का? पुन्हा लागलाच नाही तर? या भीतीनं तो बंद करायचं तिनं टाळलं. मोबाइलवरून बहिणीला नुसतं ‘कशी आहेस’ असं मेलनं विचारून पाहिलं, ते गेलं. कॉम्प्युटरवरूनही विचारलं, तेही गेलं. म्हणजे रस्ता उघडा होता. बाकीचे चालत निघून जात होते आणि हा एकच दारात बसला होता. आत्ता लिहिलेली विचारपूस पुढे आणि सकाळपासून बसलेलं बाळाचं हृदय मागे, हे बघून तिला अन्यायाचाच राग आला, रांगेत कुणी ओळखीनं पुढे घुसल्यावर येतो तसला. मग रागही गेला आणि ती जुनी भीती तेवढी राहिली.

ही भीती तिच्या ओळखीची होती. ती मनात पहिल्यांदा बसली ती इथल्या दवाखान्यात, नेहमीची लस टोचायला म्विलाला नेलं तेव्हा. डॉक्टरांनी नळी बाळाच्या छातीला लावली आणि ती काढली नाही. इतर मुलांच्या छातीवरून नळी कशी भिरभिरते, इकडे एकदा, तिकडे एकदा, झालं. म्विलाच्या छातीवर ती बसून राहिली. त्यांनी फक्त डोळे मिटले. माणूस नीट ऐकायला लागला की डोळे मिटतो हे कासुबाला माहीत होतं, आणि तेवढ्यावरून तिला सगळं कळलं. मग त्यांनी बाळाला वजनाच्या झोळीत घातलं, काटा थरथरत थांबला, आणि तो आकडा, चार किलो शंभर, त्यांनी मोठ्यानं वाचला. त्यानंतरचं त्यांचं बोलणं, भोक, रक्त, आवाज, फिल्म, तिला तुकड्यातुकड्यानंच आठवे. पण काटा कसा थरथरला, झोळीच्या निळ्या कापडाला कुठे रफू केलेलं होतं, हे सगळं लख्ख. त्या दिवसापासून तिचे डोळे बाळावरून हलले नव्हते. ओठांचा रंग. नखांचा रंग. दूध पिताना कपाळाला घाम येतो का. नवरा म्हणायचा, तू तिच्याकडे बघतेस तशी मी परीक्षेच्या हॉलमध्ये पोरांकडे बघतो. त्याला विनोद करायचा असे, पण त्याचा विनोद झाला की तोच आधी गप्प व्हायचा.

नवरा, लुकोंदे, माध्यमिक शाळेत गणित शिकवायचा. सासू राहायला आल्यापासून तो या घरात पाहुण्यासारखा होता, पाहुण्याहूनही परका. जावयाला रीतसर घरात घेण्याचा सोहळा अजून व्हायचा होता. कासुबाचे वडील गेले, मग बाळ झालं, मग हे. सोहळा राहून गेला. तो होईपर्यंत सासूसमोर उभं राहायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही, ती बसली त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. म्हणून तो रात्री पलीकडच्या आळीत चुलतभावाकडे झोपायचा, सकाळ-संध्याकाळ मागच्या दारानं स्वयंपाकघरात यायचा, येण्याआधी अंगणातूनच खाकरायचा, की आई अंगाला गुंडाळलेलं चिटेंगेचं कापड डोक्यावर ओढून भिंतीकडे तोंड करायची. दोघंही हे इतक्या निगुतीनं पाळत की कासुबाला कधीकधी वाटे, एवढा एकमेकांचा विचार नवरा-बायकोसुद्धा करत नसतील.

ती परत पडद्याकडे वळली. आउटबॉक्स उघडला. एकच ओळ. डॉक्टर सिटालींचं नाव, पुढे ‘म्विला, हृदयाच्या फिल्म’, पुढे टाचणीची खूण. निपचित. ओळीकडे बघताना तिला उगाच चांबेशी नदी आठवली. उगाच नाही; ती नदी तिला अशाच वेळी आठवायची. ती दहा-अकरा वर्षांची असेल. वडिलांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून, दोघी मायलेकींनी दोन्ही बाजूंनी धरून, नदीपर्यंत ढकलत आणलं होतं. वडिलांचं पोट दगडासारखं झालेलं, ते कण्हतही नव्हते, फक्त घोटाघोटानं हवा पीत होते. दवाखाना पलीकडे. आणि तराफा पलीकडच्या काठाला. लोखंडी पिंपांवर फळ्या ठोकलेला, दोरानं ओढायचा तो तराफा स्वच्छ दिसत होता, त्यावर तोंडावर टोपी घेऊन आडवा झालेला माणूसही दिसत होता. आईनं हाका मारल्या. कासुबानं मारल्या. नदी तिथे रुंद, हाका अर्ध्यावर पाण्यात पडत होत्या. हलत काहीच नव्हतं. पाण्याला एक चिखलाचा, कमळाच्या देठांचा वास होता, तो आजही कुठे आला की तिला मळमळतं. तराफा शेवटी आला. वडील वाचलेही; त्यानंतर कितीतरी वर्षं जगले, जावई बघण्याइतके म्हातारे झाले. पण तिच्यात शिल्लक राहिलं ते तराफ्याचं येणं नव्हे. डोळ्यांसमोर असलेली, सुटी, मोकळी, कशालाच अडकलेली नसलेली वस्तू जागची हलत नाही, ते.

“कासुबा,” आई म्हणाली, “तू त्या पेटीकडे अशी बघतेस ना, मी असते तर मीसुद्धा बाहेर पडले नसते.”

“आई, प्लीज.”

“मी आपली बोलले. म्विला, तुझ्या आईला बोललेलं चालत नाही आज.”

निपचित. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. सकाळी ही ओळ तिरकी होती. बटण दाबल्यावर ती आउटबॉक्समध्ये जाऊन बसली तेव्हा तिची अक्षरं उजवीकडे झुकलेली होती, वाऱ्याला तोंड देऊन चालणाऱ्या माणसासारखी. कासुबाला ते आवडलं होतं, म्हणून तर ती तेवढ्यावर उठून गेली होती. नुकती बहिणीला पाठवलेली ओळही क्षणभर अशीच झुकून दिसली आणि नाहीशी झाली. ही मात्र आता सरळ उभी होती. ताठ. पाय रोवून. जायला निघालेलं माणूस कुणीतरी हाक मारून थांबवावं आणि त्यानं तिथेच उभं राहावं, तशी. कुणीतरी हिला हात लावला होता. ती स्वतः सकाळपासून इकडे फिरकली नव्हती. हे शोधून काढल्याचा आनंद व्हायच्या आधीच तिला भीती वाटली, घरात आपल्या नकळत काही घडतं याची. तिच्या नकळत या घरात पान हलू नये अशी तर तिची गेले कित्येक दिवस धडपड होती.

“आई, तू याला हात लावलास?”

“कशाला?”

“कॉम्प्युटरला.”

“मी!” आईनं दाण्यांची परात बाजूला सारली. “मी त्या पेटीच्या वाटेला जाते होय? मी म्विलाला घेऊन मळ्यातून आले, इथं बसले, तिला भरवलं, निजवलं. तू नळावर होतीस. मी आले तेव्हा तर कुणीतरी—” आई थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. “मांजर होतं,” ती म्हणाली.

“मांजर?”

“मोठं होतं.”

अंगणात कुणीतरी खाकरलं. आईनं क्षणात चिटेंगे कपाळाखाली ओढलं आणि भिंतीकडे वळली. कासुबा स्वयंपाकघरातून मागच्या दाराशी गेली. लुकोंदे शेगडीपाशी उभा होता, शाळेचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, हातात आंब्यांची पिशवी. ती काही बोलायच्या आत त्यानंच विचारलं, “गेला ना मेल, बना म्विला?”

त्यानं ‘म्विलाची आई’ अशी हाक मारली की एरवी तिला बरं वाटायचं. आज तिनं त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. “तुम्ही उघडला होता?”

“हो म्हणजे... मधल्या सुट्टीत आलो होतो. म्हटलं गेला का बघू. तर अजून जातच होता, फिल्म जड ना. सहज वाचायला उघडला.” त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “वजन चुकलं होतं तुझं.”

“काय चुकलं होतं?”

“चार किलो शंभर लिहिलंस तू. मागच्या मंगळवारी सहा किलो चारशे भरली ना ती? मीच तर नेली होती. म्हटलं दुरुस्त करावं. जुना आकडा पुसला, आणि...”

“आणि काय?”

“आणि त्या आल्या.”

“मग?”

“मग मी गेलो.”

“कुठून गेलात? त्या दारात असणार.”

लुकोंदेनं आंब्यांकडे पाहिलं. “खिडकी उघडी होती,” तो म्हणाला.

आतून, भिंतीकडे तोंड केलेल्या आईच्या चिटेंग्याखालून, एक बारीक, दाबलेला, कुठेतरी अडकलेल्या शिंकेसारखा आवाज आला. मग आईचा गंभीर सूर, बाळाला उद्देशून: “म्विला, बाई गं, तुझ्या आईला सांग, मांजर म्हटलं ते मी मानानं म्हटलं. पडद्याची दांडी मोडली, कुंडी पालथी झाली, तरी मी काही पाहिलं नाही. मी डोळे मिटले होते.”

लुकोंदे कानांपर्यंत लाल झाला असता, पण काळ्या माणसाला ती सोय नाही. तो नुसता घाम पुसत राहिला. कासुबाला मात्र आकड्यानं जागीच धरलं होतं. चार किलो शंभर. तिनं लिहिला होता. नीट लिहा, असं बाईंनी बजावूनही, आणि लिहून तीनदा वाचूनही, तिला तो चुकलेला दिसला नव्हता. कसा दिसेल? तो तिच्या दृष्टीनं बरोबरच होता. काटा थरथरून तिथेच तर थांबला होता. त्यानंतरचे सगळे दिवस, सगळा मक्याच्या पिठाचा पातळ घाटा, सगळं दूध, मांडीत येऊन पडलेली ही गुबगुबीत वळी, हे सारं बाळाच्या अंगावर चढलं होतं आणि तिच्या डोळ्यांवर चढलंच नव्हतं. ती ओठ बघत होती, नखं बघत होती. मूल बघितलं नव्हतं. आणि तो आकडा सकाळी, ओळ तिरकी होऊन, वेळेवर निघून गेला असता तर— पाच किलोच्या आतलं मूल या खेपेला घेत नाहीत. नवऱ्यानं भिऊन खिडकीतून उडी मारली म्हणून, रीत पाळली म्हणून, तिची पोरगी वाचली होती की नव्हती? अजून नव्हती. अजून मेल इथेच होता.

“ते पाकीट उघडंच राहिलं असणार,” लुकोंदे म्हणाला. “मागे. बाकीच्या पडद्यांच्या मागे. उघडं असलं की जात नाही ते. तू जा, बस, मी इथून सांगतो.”

“इथून?”

“मग काय आत येऊ?”

तो वळसा घालून पुढे आला आणि मोडक्या दांडीच्या खिडकीबाहेर, खोलीकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत उभा राहिला. रस्त्यानं जाणारी एक बाई त्याला नमस्कार करून गेली, त्यानं तो घेतला, आणि मग मोठ्यानं, समोरच्या आंब्याच्या झाडाला शिकवत असल्यासारखा बोलू लागला. “खालच्या पट्टीत बघ. पाकिटाची खूण दोनदा दिसते का?”

“दिसते.”

“दुसरी दाब.”

तिनं दाबली. मेल उघडा झाला. तिचीच वाक्यं, तिचंच ‘आदरपूर्वक’, आणि मधोमध ‘वजन’ या शब्दापुढे नुसती जागा. मोकळी, पांढरी. कर्सर तिथे मधल्या सुट्टीपासून लुकलुकत होता, आत्ता येतो म्हणून गेलेल्या माणसाची वाट बघत. कासुबानं सहा टाइप केला. मग चारशे. आकडा पुन्हा बघितला, मग मान वळवून चटईवरच्या म्विलाकडे बघितलं, जणू तो तिच्या अंगावर लिहिलेला असावा. होताच लिहिलेला. मनगटावर, कोपरावर, हनुवटीखाली, प्रत्येक वळीत.

“लिहिलं.”

“आता पाठव. आणि, ऐक, पाठवल्यावर त्याच्यावर जाऊ नको. उघडून बघशील तर पुन्हा थांबेल. तुला माहीत आहे तू बघशील.”

“नाही बघत.”

“बघशील.”

तिनं बटण दाबलं. ओळ आउटबॉक्समध्ये पडली. तिरकी. खालच्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी उमटली आणि गोगलगायीच्या चालीनं सरकू लागली. बाहेर उजेड पिवळा झाला होता. शेजारपाजारच्या शेगड्या पेटायला लागल्या होत्या, कोळशाचा पहिला कडवट धूर खिडकीतून आत आला. पट्टी थांबली. सरकली. फिल्म जोडलेल्या आहेत ना? उघडताना, पुसताना, त्याच्या हातून त्या सुटल्या तर नसतील? टाचणीची खूण तर आहे. पण खूण असून आत काही नसेल तर? एकदा, फक्त एकदाच उघडून बघितलं— तिचा हात माउसवर गेलाही. तो हात तिला ओळखीचा वाटला. झोपलेल्या बाळाच्या नाकाशी जाणारा हात. श्वास चालू आहे हे कळायचं, आणि बाळ जागं व्हायचं. मग ते रडायचं, मग रडण्यानं दमायचं, मग दमल्यावर ओठ बघायचे. कितीदा तिनं तिला असं निजेतून ओढून आणलं होतं, जिवंत आहेस ना हे विचारायला! तिनं माउस सोडला. खुर्ची मागे सारली. पण मग करायचं काय हेच तिला सुचेना. हात रिकामे राहिले की त्यांना बघायची खाज सुटते.

“म्विलाला घे,” आई म्हणाली. भिंतीकडेच तोंड होतं तिचं, तरी तिला कसं कळलं कोण जाणे. “माझ्या पायाला मुंग्या आल्यात. केवढी जड झालीय ही!”

कासुबानं वाकून उचललं. आणि खरंच, हात खाली गेले. रोज उचलायची ती. पण उचलताना रोज तिच्या हातांना अपेक्षा असे ती त्या निळ्या झोळीतल्या ओझ्याची, आणि वरचं जे काही होतं ते हात आपल्या दमलेपणात टाकून देत असत. आज तिनं ते मोजलं नाही, नुसतं पेललं. म्विलानं पळीचा दांडा तिच्या गळपट्टीवर आपटला, तिच्या कानातल्या रिंगेला पकडलं आणि ओढलं. दुखलं. पकड होती पोरीच्या हातात! कासुबा खिडकीशी गेली, पडद्याकडे पाठ करून. खिडकीबाहेर नवऱ्याची पाठ होती. तिघंही तीन दिशांना बघत, कुणीच कुणाकडे न बघता, वाट बघत होते, आणि खोलीत फक्त म्विला सगळ्यांकडे बघत होती.

“किती झालं?” लुकोंदेनं आंब्याला विचारलं.

“मी बघत नाहीये.”

“अगं, आता पट्टी तर बघ. पट्टी बघितल्यानं काही होत नाही.”

“नको.”

“म्विला,” आई म्हणाली, “तू बघ गं बाई.”

तेवढ्यात पाठीमागे मेल निघाल्याचा आवाज झाला. सकाळी ऐकल्यासारखा वाटला होता तो नव्हे. खरा, बारीक, फुंकर घातल्यासारखा. कासुबा वळली. आउटबॉक्स या शब्दापुढे काही नव्हतं. कंस नव्हता, एक नव्हता. शब्दही आता ठळक राहिला नव्हता. इतर शब्दांतला एक शब्द झाला होता. तिला वाटलं होतं आपण ओरडू. पण आपण कितीतरी वेळ पायाच्या बोटांवर उभ्या आहोत एवढंच तिला कळलं, आणि ती टाचांवर आली.

वीज गेली ती त्यानंतर थोड्या वेळानं. आईनं मेणबत्ती लावली, शेगडीवर भोपळ्याच्या पाल्यात दाण्याचं कूट घातलं, मक्याच्या पिठाचं आधण ठेवलं. लुकोंदे पायरीवर बसून राहिला. भावाकडे जायची वेळ झाली तरी गेला नाही. पत्र्यावरच राहिलेला फोन वाजला, आणि लुकोंदेनंच तो खिडकीतून आत दिला.

“मिळालं,” डॉक्टर सिटाली म्हणाल्या. आवाज तसाच भरभर, पण आज दार धरून कुणी उभं नव्हतं. “फिल्म नीट दिसतायत. वजन सहा किलो चारशे, नक्की ना?”

“नक्की,” कासुबा म्हणाली. “मंगळवारचं आहे. आता थोडं जास्तच असेल.”

“चांगलंय. वाढतंय मूल. मग घाबरण्यासारखं मला तरी काही दिसत नाही, बंद करता येईल असं भोक आहे. उद्या सकाळी तिची केस मी मांडते, आणि घेतील असं मला वाटतं. बुधवारी इथे हजर राहा. बरोबर कोण येईल?”

“आम्ही... मी, माझी आई, आणि बाळाचे वडील.”

फोन ठेवला तेव्हा आई आणि लुकोंदे दोघांनाही शब्द न् शब्द ऐकू गेला होता. तिनं मुद्दामच मोठ्यानं लावला होता. स्वयंपाकघरात आधी पळी पडली. मग आईनं तोंडावर हात धरून, जीभ हलवत, आनंदाची ती लांब, थरथरती किलकारी दिली, लग्नात देतात तशी, आणि शेजारच्या दोन अंगणांतून बायकांनी कशाबद्दल हे ठाऊक नसताना तिला साथ दिली. खिडकीबाहेर लुकोंदे खाली बसला होता. धुळीत, शाळेच्या पँटीत, गुडघ्यांवर. आणि ओंजळी करून टाळ्या वाजवत होता, आईच्या दिशेला, मान खाली घालून, हळू, ज्यांच्याशी बोलायची मुभा नाही अशा मोठ्या माणसांचे आभार मानतात तसा. आईला तो दिसत नव्हता. टाळ्या ऐकू येत असणार. तिनं किलकारी थांबवली.

“म्विला,” मग ती म्हणाली, “तुझ्या बापाला सांग, भावाकडे उपाशी जायचं नाही. ताट मागच्या दारात ठेवतेय. आणि बुधवारच्या बसमध्ये मी पुढच्या बाकावर बसणार, त्यांनी सगळ्यात मागच्या. मधे तुम्ही दोघी.”

“दहा-बारा तासांची बस आहे गं,” कासुबा म्हणाली. “रस्त्यात कुठं थांबली तर?”

“थांबली तर आधी ते उतरतील, लांब जाऊन उभे राहतील, मग मी उतरेन. बसवाल्याला सांग, रीत आहे म्हणावं. त्याला पण सासू असेल की.”

कासुबाला हसू फुटलं. ते इतकं खालून आलं की तिला बसावं लागलं. म्विला मांडीवर हिंदकळली, दचकली, आणि मग आईचं तोंड उघडं, दात दिसतायत, हे काहीतरी नवीनच बघून आपणही हसायला लागली. किती वेळ कुणास ठाऊक. मेणबत्ती आईच्या हाताच्या वाऱ्यानं हलत होती. थोड्या वेळानं कासुबाच्या लक्षात आलं, पोरगी हसता हसता झोपून गेली होती, पाठीवर, हात डोक्याच्या दोन्ही बाजूंना टाकून. मेणबत्तीच्या उजेडात ओठांचा रंग काही कळत नव्हता. कासुबानं तिला चटईवर ठेवलं, चिटेंगे अंगावर टाकलं आणि जेवायला उठली. कडकडून भूक लागली होती.